मुद्राचित्रण शिकून बाहेर पडल्यावर पुढे कुठे? प्रशिक्षण, रेसिडेन्सी आणि प्रेसची सोय

शाईचे_बोट (धागाकर्ती)

चित्रकाराला घराच्या कोपऱ्यात ईझल मांडता येतं. एचिंग (धातूच्या प्लेटवर ॲसिडने रेषा चावून त्या छापणं) करणाऱ्याला प्रेस, ॲसिडची हवेशीर खोली, राळेची पेटी, हॉट प्लेट, मोठी मोरी आणि कागद वाळवायच्या जाळ्या लागतात. कॉलेजात हे सगळं असतं आणि निकालाच्या दिवशी एका झटक्यात सुटतं. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत कितीतरी चांगले हात प्रेसअभावी थांबतात. कोणी ॲक्रिलिककडे वळतं, कोणी शाळेत कलाशिक्षक होतं.

म्हणून हा धागा. मुद्राचित्रणात (प्लेट, दगड वा लाकडावरून चित्र छापण्याच्या कलेत) नुकतीच पदवी झालेल्यांसाठी देशात नि परदेशात प्रशिक्षण किंवा रेसिडेन्सी (स्टुडिओत ठरावीक मुदत राहून काम करणं) कुठे आहे, अर्जात काय लिहायचं, आणि मधल्या काळात हात चालू कसा ठेवायचा? जाणकारांनी नेमकं लिहावं ही विनंती.

बडोदा_पॅसेंजर

चांगला विषय. आधी जवळचं बघू.

बडोद्याला 'छाप' आहे. १९९९ साली सुरू झालेली ही मुद्राचित्रणाला वाहिलेली कार्यशाळा, त्यामुळे तिथे प्रेसशी बोलणारी माणसं भेटतात. बडोद्यात ही परंपरा खोल रुजलेली आहे. ज्योती भट्ट न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये इन्टॅग्लिओ (प्लेटच्या खाचांतून छपाई) शिकून आले आणि इथे त्यांनी पिढ्या घडवल्या. अहमदाबादला कनोरिया सेंटर आहे, १९८४ पासूनचं. तिथे शिल्प, सिरॅमिक, चित्र करणाऱ्यांच्या शेजारी मुद्राचित्रणाचाही स्टुडिओ आहे. मुंबईहून दोन्ही ठिकाणं एका रात्रीच्या अंतरावर.

दिल्लीत ललित कला अकादमीचे गढी स्टुडिओ. अकादमीची प्रादेशिक केंद्रं कोलकाता, चेन्नई, लखनौ, भुवनेश्वर इथेही आहेत आणि माफक शुल्क भरून तिथे काम करता येतं. भोपाळच्या भारत भवनात ग्राफिक स्टुडिओ आहे. १९८९ पासून मुद्राचित्रांची आंतरराष्ट्रीय द्वैवार्षिकी तिथेच भरू लागली.

जाण्याआधी फोन करून चार गोष्टी विचारा: प्रेसचा बेड किती इंची, ब्लँकेटं (कागदावर दाब देणारी लोकरी फेल्टं) कधी बदलली, ॲसिड कोणतं वापरतात, तंत्रज्ञ रोज किती वाजेपर्यंत असतो. संस्थेच्या नावापेक्षा या चार उत्तरांवर तुमचा महिना अवलंबून असतो.

तांबट

+१. ब्लँकेटांचा प्रश्न तर अगदी मर्मावरचा. शाईतलं तेल नि कागदातली खळ मुरून फेल्ट कडक झालं की ते कागदाला रेषेत दाबत नाही. सूक्ष्म रेषा अर्धवट उठतात आणि नवखा माणूस दाब वाढवत बसतो. दाब वाढवला की प्लेटची कड कागद कापते. दोष ब्लँकेटचा, शिक्षा कागदाला.

पाटावरची_कोरणी

वाचनखूण साठवली. धन्यवाद!

मोरचूद

प्रशिक्षण आणि रेसिडेन्सी हे दोन शब्द वरच्या प्रतिसादांत एकत्र आलेत, ते वेगळे ठेवावेत असं माझं ठाम मत आहे.

प्रशिक्षणात कोणीतरी तुम्हाला तंत्र शिकवतो, चुका करायला वेळ असतो, छापलेलं सगळं फाडून टाकलं तरी चालतं. रेसिडेन्सीत तुम्हाला तंत्र येतं हे धरलेलं असतं. तिथे तीन-चार आठवड्यांत काम उभं करायचं असतं, शेवटी लोक स्टुडिओ बघायला येतात. ज्याला ॲक्वाटिंटचा (राळेच्या दाण्यांनी आणलेल्या छटांचा) करडा स्वतःच्या हिशेबाने आणता येत नाही त्याने रेसिडेन्सी घेतली तर निम्मा काळ टेस्ट पट्ट्या करण्यात जातो. पहिली दोन वर्षं प्रशिक्षण आणि दुसऱ्यांच्या एडिशन (एकाच चित्राच्या ठरावीक एकसारख्या प्रती) छापायचं काम, मग रेसिडेन्सी. हा क्रम मला बरोबर वाटतो.

बडोदा_पॅसेंजर

मोरचूद, क्रम पटला तरी इतका कडक नको. टेस्ट पट्ट्या हेही काम आहे. काही रेसिडेन्सी नवख्यांसाठीच असतात नि तंत्रज्ञाची साथ देतात. अर्जात "मला फोटोपॉलिमर येत नाही, ते इथे शिकायचं आहे" (म्हणजे प्रकाशाने कठीण होणाऱ्या प्लेटचं तंत्र) असं सरळ लिहिलेलं निवडसमितीला आवडतं.

पण दुसऱ्याच्या एडिशन छापण्याबद्दल शंभर टक्के अनुमोदन. एकाच प्लेटच्या वीस प्रती एकसारख्या पुसायच्या म्हणजे हाताला जी शिस्त लागते ती स्वतःच्या पाच प्रूफांत (चाचणी प्रतींत) लागत नाही.

दगडफूल

लिथोग्राफीवाल्यांसाठी (दगडावरून छापणाऱ्यांसाठी) लिहितो, कारण आपण नेहमी मागे पडतो.

अमेरिकेत अल्बुकर्कीला टॅमरिंड इन्स्टिट्यूट आहे. १९६० साली जून वेन यांनी लॉस एंजेलिसमध्ये ही कार्यशाळा सुरू केली आणि १९७० मध्ये ती न्यू मेक्सिको विद्यापीठात आली. तिथला प्रिंटर-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम एक वर्षाचा. त्यातून निवडक लोकांना दुसऱ्या वर्षी उमेदवारी मिळते, आणि ती पार केली की मास्टर प्रिंटर. मोजक्याच जागा असतात आणि लिथोची आधीची तयारी बघतात. ज्याला दुसऱ्या कलावंतांसोबत छापण्याचा व्यवसाय करायचाय त्याने याचा विचार करावा.

तयारी म्हणजे काय, तर दगड घासता यायला हवा. कार्बोरंडम ८० किंवा १०० नंबर, मग १८०, मग २२०. प्रत्येक नंबरला दगड नि कडा पूर्ण धुवायच्या; जाड दाणा एक जरी मागे राहिला तरी शेवटच्या घासणीत ओरखडा. जुनं चित्र पूर्ण गेलं नाही तर छापताना ते भुतासारखं वर येतं. मधोमध जास्त घासल्याने दगडाला खोलगट पोट येतं, म्हणून लोखंडी पट्टी आडवी धरून खाली कागदाचा कपटा सरकतो का ते चारही बाजूंनी बघायचं.

आणखी एक. मे महिन्यात आपल्याकडे शाई मऊ पडते, ओलाव्याचा थर झटकन उडतो आणि कोऱ्या जागेवर शाईचा मळ धरतो. चिमूटभर मॅग्नेशियम कार्बोनेट घालून शाई ताठ करायची, स्पंज हलका पण वारंवार फिरवायचा, पंखा बंद. ज्याला हे सांगता येतं त्याचा अर्ज आपोआप वेगळा दिसतो.

मळवली_लोकल

दगडाचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. आपल्याकडे याला 'शिळाप्रेस' हा किती सुंदर शब्द होता! गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली पंचांग छापलं ते शिळाप्रेसवर. पुढे १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत निघाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. एकेका देवीच्या चित्राला रंगागणिक वेगळा दगड, आणि प्रत्येक रंग आधीच्यावर अचूक बसवायचा. त्या काळी ही कारागिरी महाराष्ट्रात होती, हे नव्या मुलांना कोणी सांगतच नाही.

असे दगड आता मिळतात का?

दगडफूल

चांगले दगड बव्हेरियातल्या सोल्नहोफनचे. जुने छापखाने मोडताना कधीकधी मिळतात. पिवळट दगड मऊ, करडा कठीण नि बारीक रेषेला उत्तम. घेताना वजनाचा अंदाज ठेवा: १८ बाय २४ इंची, ३ इंच जाड दगड सुमारे ५५ किलोचा. दोन माणसं हवीत, आणि कडेला केसासारखी भेग आहे का ते ओला करून बघा. ओला दगड वाळताना भेगेची रेघ शेवटपर्यंत ओली राहते.

फिरता_प्रिंटर

परदेशाची थोडी माहिती.

बेल्जियममध्ये कास्टर्ले इथलं फ्रान्स मासरील सेंटर हे १९७२ पासून मुद्राचित्रणाचंच रेसिडेन्सी केंद्र आहे. एचिंग, लिथो, स्क्रीन, रिलीफ सगळं एका छताखाली. खुलं आवाहन निघतं तेव्हा अर्ज करायचा. स्कॉटलंडमध्ये एडिनबरा प्रिंटमेकर्स, १९६७ ची संस्था, २०१९ पासून एका जुन्या रबर कारखान्याच्या इमारतीत आहे. कॅलिफोर्नियात बर्कलीचं काला आर्ट इन्स्टिट्यूट (नाव आपलंसं वाटेल) १९७४ चं, तेही फेलोशिप देतं. जपानमध्ये कावागुचीको परिसरात मि-लॅब, फक्त पाण्याच्या रंगातल्या जपानी काष्ठछापासाठी. झरीना हाश्मी १९७४ मध्ये तोक्योला जाऊन तोशी योशिदा यांच्या स्टुडिओत काष्ठछाप शिकल्या, तो रस्ता आजही चालू आहे असं म्हणायला हरकत नाही.

पॅरिसचं आतल्ये कॉन्त्रपॉइंट हे स्टॅन्ली विल्यम हेटर यांच्या आतल्ये १७ चं पुढचं रूप. तिथे शुल्क भरून काम शिकायचं. मूळ कार्यशाळेत आपले कृष्णा रेड्डी आणि मुंबईचे कैको मोती होते, आणि व्हिस्कॉसिटी छपाई (शायांच्या दाट-पातळपणावर चालणारी रंगीत छपाई) तिथेच आकाराला आली.

सिंगापूरच्या एसटीपीआयचं नाव खूप ऐकू येतं, पण तिथे स्टुडिओच कलावंतांना बोलावतो. नवख्याने त्याची वाट बघू नये.

युरोपात शेंगेन व्हिसा १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. त्यामुळे एक महिना इथे, दोन महिने तिथे असं जोडताना दिवस मोजा.

शाईचे_बोट (धागाकर्ती)

अप्रतिम माहिती. व्हिस्कॉसिटीबद्दल दोन ओळी लिहाल का? कॉलेजात ती बहुधा वर्णनातच राहते.

तांबट

लिहितो. एकच प्लेट, पण तिच्यावर दोन-तीन पातळ्या हव्यात, म्हणून खोल एचिंग किंवा कोरीव काम. आधी खाचांत ताठ शाई भरून पुसून घ्यायची. मग जवसाचं तेल घालून पातळ केलेली शाई कठीण रबराच्या रोलरने फक्त वरच्या पातळीवर लावायची, दाब न देता. शेवटी तेल न घातलेली ताठ शाई मऊ रोलरने. मऊ रोलर खालच्या पातळीत उतरतो आणि तिथे रंग बसतो. वर जिथे तेलकट शाई आधीच आहे तिथे ही ताठ शाई धरतच नाही. तीन रंग, प्रेसमधून एकच फेरी.

बिघडतं ते बहुतेक तेलाच्या प्रमाणात. दोन्ही शायांत फरक कमी असेल तर रंग एकमेकांत चिखल करतात. काचेवर दोन्ही शायांचे ठिपके शेजारी ठेवून सुरीने उचलायचे: एक मधासारखी सलग धारेने पडली पाहिजे, दुसरी तुटून. रोलरचा घेर प्लेटच्या लांबीपेक्षा मोठा हवा, नाहीतर एका फेरीत प्लेट पूर्ण होत नाही आणि सांध्याची रेघ दिसते. एवढे मोठे रोलर घरी परवडत नाहीत, म्हणून हे तंत्र शिकायला जाणं सार्थकी लागतं.

खर्चाचा_ताळेबंद

पैशांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून.

केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची तरुण कलावंतांची शिष्यवृत्ती १८ ते २५ वयासाठी, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. दृश्यकलेत ग्राफिक्सचा उल्लेख आहे. त्याच मंत्रालयाची ज्युनिअर फेलोशिप २५ ते ४० वयासाठी, महिना १०,०००, दोन वर्षं; त्यात संशोधनाचा विषय मांडावा लागतो. पैसे सहा-सहा महिन्यांच्या हप्त्यांत येतात, म्हणून घरभाडं यावर बेतू नका. कागद, जस्त आणि स्टुडिओचं शुल्क यावर बेता. ललित कला अकादमीचीही शिष्यवृत्ती असते. तरुणांसाठी इनलॅक्सचे फाइन आर्ट पुरस्कारही बघा. आणि राज्य कला प्रदर्शनात मुद्राचित्रणाचा वेगळा विभाग आहे, तिथे निवड झाली तर अर्जात एक ओळ भक्कम होते.

"निवड झाली, आता अमुक लाख भरा" असं पत्र आलं तर ते भाड्याचं घर समजावं. शुल्क घेणं गैर नाही, पण त्या शुल्कात प्रेसचे तास, तंत्रज्ञ, शाई, रसायनं नि राहणं यांतलं काय काय येतं ते लेखी मागा. स्टुडिओ प्रत्येक एडिशनमधून किती प्रती ठेवून घेणार हेही.

लिनो_लीला

आणि प्रेस मिळेपर्यंत? लिनो नि काष्ठछापाला प्रेस लागतच नाही! पातळ नेपाळी किंवा जपानी कागद, ४० ते ६० ग्रॅमचा, आणि लाकडी चमचा. चमच्याच्या पाठीला थोडं मेण चोळा म्हणजे कागद फाटत नाही. थंडीत लिनो कडक होऊन तुटतो, दहा मिनिटं उन्हात ठेवला की लोण्यासारखा कापतो. घरच्या स्वयंपाकघरातला चमचा मात्र परत डाळीत जाणार नाही, आईला आधीच सांगून ठेवा :)

मोरचूद

लीलाताई, हे खरंच महत्त्वाचं. घरी एचिंगही करता येतं, माझं टोपणनाव त्यावरूनच आहे. एक लीटर पाण्यात ५० ग्रॅम मोरचूद आणि ५० ग्रॅम मीठ. जस्ताला हे पुरतं, नायट्रिकच्या वाफा नाहीत. प्लेटवर तांब्याचा लालसर कापसासारखा गाळ धरतो तो कबुतराच्या पिसाने हलकेच सारत राहायचा, नाहीतर गाळाखालचं जस्त चावलं जात नाही आणि रेषा मध्येच तुटते. द्रावणाचा निळा रंग उडाला की त्याचा जोर संपला. मग धुण्याचा सोडा थोडा थोडा घालायचा, फसफस थांबेपर्यंत. खाली बसलेला चोथा वाळवून वेगळा ठेवायचा. तो मोरीत ओतायचा नाही, तांबं पाण्यातल्या जिवांना मारतं.

तांब्याच्या प्लेटला हे चालत नाही. मोरचूद तांब्याला चावणार कसा?

तांबट

तांब्याला फेरिक क्लोराइड. आणि त्यात कधीही जस्त बुडवू नये, जोरात तापतं आणि वायू सुटतो. नुसत्या फेरिकमध्ये गाळ खाचेत बसतो म्हणून प्लेट पालथी लटकवावी लागते. एडिनबऱ्यात यावर तोडगा निघाला, म्हणून 'एडिनबरा एच' म्हणतात: चार भाग फेरिक क्लोराइडचं संपृक्त द्रावण, एक भाग लिंबूफुलाचं पाणी (तीन हिस्से कोमट पाणी, एक हिस्सा लिंबूफुल). गाळ विरघळतो, प्लेट उताणी ठेवता येते, चावणं झटपट.

हे परदेशी अर्जासाठी जाणून घेणं गरजेचं आहे. तिकडच्या पुष्कळ स्टुडिओंनी नायट्रिक ॲसिड आणि राळेची धूळ दोन्ही बंद केलीत. राळेऐवजी ॲक्रिलिकचा फवारा मारून ॲक्वाटिंट करतात. "जस्त, नायट्रिक, राळ" असा प्रस्ताव पाठवला तर त्यांना तो राबवताच येत नाही, मग काम कितीही चांगलं असो.

बडोदा_पॅसेंजर

राळेवरून: धूळ फुफ्फुसांना वाईट आणि पेट घेणारी. पेटी उघडताना मास्क हवाच, शेगडी लांब. दाणे नीट वितळले की प्लेट तिरकी धरल्यावर धुरकट पांढरा रंग जाऊन दवासारखी चकाकी येते. तिथेच आच बंद. थोडं पुढे गेलात तर दाणे एकमेकांत मिसळतात आणि ॲसिडला शिरायला जागाच उरत नाही.

चौकट_आणि_समास

अर्जातल्या फोटोंबद्दल. फ्रेममधल्या काचेतून फोटो काढू नका. कागदाच्या चारही कडा, प्लेटचा उठाव, खालची सही नि क्रमांक दिसले पाहिजेत. समास कापलेला फोटो बघून परीक्षकाला तो प्रिंट आहे की रेखाटन हेच कळत नाही. बिनशाईचा उठाव असेल तर एका बाजूने तिरका प्रकाश. प्रत्येकाखाली: शीर्षक, वर्ष, तंत्र, प्लेटचं माप, कागदाचं माप, एडिशन. "मिश्र माध्यम" लिहू नका. "जस्तावर एचिंग नि ॲक्वाटिंट, दोन प्लेट" असं लिहा.

शाईचे_बोट (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. आता मूळ प्रश्नाकडे येऊन एका प्रस्तावाचा मसुदा इथे ठेवते, कठोरपणे तपासा:

"चार आठवड्यांत पाच चित्रं, प्रत्येक १२ बाय १६ इंच, तीन रंगांचं ॲक्वाटिंट, प्रत्येकी तीन प्लेट. प्रत्येकाच्या दहा प्रती."

तांबट

मोजू. पाच चित्रं गुणिले तीन, म्हणजे पंधरा प्लेट. प्रत्येकीची कड कानशीने ४५ अंशांत घासणं, पॉलिश, राळ, टप्प्याटप्प्याने चावणं, दोन-तीन प्रूफं. घाईतसुद्धा प्लेटमागे दीड दिवस. साडेबावीस दिवस इथेच गेले, आणि चार आठवड्यांत कामाचे दिवस वीस ते चोवीस.

आता छपाई. या मापाची एक प्लेट शाई लावून पुसायला पंधरा मिनिटं, एका प्रतीला तीन प्लेट, म्हणजे पाऊण तास. पन्नास प्रतींना साडेसदतीस तास. रोज सात तास प्रेस मिळाला तरी साडेपाच दिवस, तेही एकही प्रत वाया न जाता. बसत नाही.

दोन चित्रं करा. सहा प्लेटना नऊ दिवस, वीस प्रतींना पंधरा तास. उरलेल्या दिवसांत एक काम न ठरवता, तिथलं काहीतरी शिकून. निवडसमितीत एक तरी छापणारा माणूस बसतोच, तो हा गुणाकार मनात करतो.

मोरचूद

अगदी बरोबर. आणि अर्जात लिहा की प्लेटचं माप त्यांच्या प्रेसच्या बेडवर बसतं. बेड किती इंची ते त्यांच्याच माहितीत दिलेलं असतं.

शाईचे_बोट (धागाकर्ती)

दोन चित्रांवर आणते. कागद इथून न्यावा की तिथे घ्यावा? पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद वापरायची इच्छा आहे.

चौकट_आणि_समास

जरूर वापरा, पण आधी खळ तपासा. कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवा. लगेच शोषला गेला तर कागदाला खळ नाही. असा कागद ट्रेमध्ये भिजवला तर हातात लगदा येईल. तो फक्त फवाऱ्याने ओला करून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर वजनाखाली ठेवायचा. थेंब तसाच उभा राहिला तर अर्धा तास भिजवून टीपकागदात टिपायचा, पृष्ठभागावर पाण्याची चकाकी राहता कामा नये.

२२ बाय ३० इंची ताव मधोमध फाडला की १५ बाय २२ चे दोन. तुमच्या प्लेटला लांबीकडे तीन-तीन इंच आणि रुंदीकडे दीड-दीड इंच समास मिळतो. वीस प्रती, चार राखीव, सोळा प्रूफं, म्हणजे चाळीस तुकडे. वीस ताव न्या, सगळे एकाच गठ्ठ्यातले. हातकागदाची जाडी गठ्ठ्यागणिक बदलते आणि मग प्रेसचा दाब पुन्हा लावावा लागतो.

शाईचे_बोट (धागाकर्ती)

वीस ताव, एकच गठ्ठा. लिहून घेतलं. थेंबाची परीक्षा करून निकाल इथेच टाकते.